पाहुण्यांच्या खात्यातली नावे

आमच्या घरी एकच मोठा संगणक आहे आणि तो सर्वांचा आहे. घरातल्या कुणाचेही काहीही त्यातून हरवू नये, अशी व्यवस्था लावण्यात मी गेल्या ऑक्टोबरमधला एक रविवार घालवला. त्या दिवशी मी जे जे केले ते माझ्या कामाच्या शिस्तीप्रमाणे बरोबर होते. त्यातून काय झाले, ते लिहावे असे बरेच दिवस मनात आहे. लिहायला बसलो की हात आखडतो. आज तरी पुरे करावे असे ठरवले आहे.

नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावात एका सरळ ओळीतल्या घरांपैकी एक घर आमचे आहे. जिना वर जिथे संपतो तिथे खिडकीखाली संगणकाचे टेबल आहे. पत्नी त्यावर घराचे कागद आणि फोटो ठेवते, मुलगी शाळेचा अभ्यास करते, मी उरलेली कामे करतो. तिघांची तीन स्वतंत्र खाती आहेत, तीन पासवर्ड आहेत. ही माझ्या नोकरीची सवय. आयंडहोवनजवळच्या एका कंपनीत मी माहितीच्या साठ्याचे काम पाहतो. कुणाला कोणते दार उघडावे आणि कुणाला नाही, हे ठरवण्यात माझ्या आयुष्याची उमेदीची वर्षे गेली. माणसाने घरात तरी हे सोडून द्यावे. मला ते जमले नाही.

सप्टेंबरमध्ये बाबा आले. वय ऐंशीच्या आसपास. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त होऊन त्यांना बराच काळ लोटला आहे. आई गेल्यापासून ते मराठवाड्यात, आमच्या तालुक्याच्या गावी, माझ्या धाकट्या बहिणीकडे राहतात. ते निघण्याआधी बहिणीने फोनवर सांगितले होते, "दादा, बाबांना नावं आठवेनाशी झालीत. माणूस ओळखतात, त्याचं सगळं कूळमूळ सांगतात, फक्त नाव येत नाही. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाईल."

बाबांनी सामानात जुन्या फोटोंची एक पिशवी आणली होती. तिकडे गावी आमच्या वस्तीत एक वाचनालय आहे. बाबा विशीत होते तेव्हा वस्तीतल्या माणसांनी ते स्वतःच्या हातांनी बांधले. दिवसभर मजुरी करून आलेली माणसे संध्याकाळी पुन्हा फावडी घेऊन उभी राहायची. बायका दगड आणि चिखलाचा गारा वाहायच्या. बाबांचा एक मित्र फोटो स्टुडिओत कामाला होता, त्याने हे फोटो काढले. इमारत पूर्ण झाली तेव्हा भिंतीत जो दगड बसवला त्यावर उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्याचे नाव आले, सिमेंट देणाऱ्या व्यापाऱ्याचे आले. बांधणाऱ्यांपैकी कुणाचेही आले नाही. आता ती इमारत पाडून नवी उभी राहत होती आणि वाचनालयाच्या समितीने ठरवले होते, की नव्या दगडावर बांधणाऱ्यांची नावे कोरायची. ती सगळी नावे सांगू शकेल असा माणूस वस्तीत एकच उरला होता, आणि तो माझ्या घरी आला होता. नावे वर्षअखेरीपर्यंत हवी होती.

मी फोटो स्कॅन करून सर्वांना दिसतील अशा सामाईक जागेत ठेवले. बाबांना संगणकावर मराठी टाइप करता येत होते. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ते शिकले होते. प्रश्न खात्याचा आला. मुलीने आधीच सांगून टाकले, "पप्पा, प्लीज, माझ्या अकाउंटवर नको." पत्नीच्या खात्यात घराची सगळी कागदपत्रे होती. माझ्या खात्यात तर मी कुणालाच बसू देत नाही. संगणकात एक पाहुण्यांचे खाते असते. पासवर्ड लागत नाही, एक कळ दाबली की उघडते. मी ते उघडून दिले.

"याच्यावर बसा बाबा. दोन-चार दिवसांत तुमचं वेगळं करून देतो."

"वेगळं कशाला?" ते म्हणाले. "मला टेबल मिळालं, खुर्ची मिळाली. आणखी काय पाहिजे?"

या खात्याचा स्वभाव मला ठाऊक होता. पाहुणा बाहेर पडला, किंवा संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला, की त्या खात्यात जे काही असेल ते पुसले जाते. म्हणूनच मी त्यांना बजावले, की काम झाले की नुसते उठायचे, पडदा आपोआप काळा होतो, बटण मात्र दाबायचे नाही. त्यांनी ते अक्षरशः पाळले. आणि स्वतंत्र खाते काढून द्यायचे मी मनाशी इतके पक्के ठरवले होते, की काही दिवसांनी ते काढून दिलेच आहे अशी माझी समजूत झाली. यापेक्षा मोठे कारण मला आजही सापडत नाही. मोठे कारण सापडले असते तर बरे वाटले असते.

बाबांचे काम सावकाश चालायचे. एक फोटो उघडायचा, डावीकडून एकेका माणसाचे वर्णन लिहायचे, मग नावासाठी थांबायचे. नाव समोर बसून येत नसे. ते चहा ढवळताना यायचे, किंवा कालव्याकाठी फिरताना, किंवा जिन्याच्या मध्यावर. मग ते पुन्हा वर चढून जात आणि एका बोटाने टाइप करत. मुलगी शाळेतून आली की त्यांच्या खुर्चीमागे उभी राहायची.

"आजोबा, हू इज धिस लेडी? शी लुक्स सो अँग्री."

"रागावलीच होती. फोटोवाला म्हणाला, बाई, डोक्यावरची पाटी खाली ठेवा. ती म्हणाली, पाटी ठेवली तर मी कशाला उभी आहे इथं?"

"आणि नाव?"

"येतंय. वाटेत आहे ते. आमच्याकडची गाडी आहे, जरा उशिराच येते."

मुलगी हसायची. मराठी तिला सगळे समजते, बोलते इंग्रजीत किंवा डचमध्ये. पण "आणि नाव?" हे दोन शब्द ती नेमके मराठीत विचारायची, कारण बाबांना ते आवडायचे. पत्नी स्वयंपाकघरातून म्हणायची, "बाबा, तुमची गाडी येईपर्यंत भाकरी गार होईल." असे करत करत फोटो भरत गेले. मी ऑफिसमधून येईपर्यंत त्यांचे दिवसाचे काम आटोपलेले असे. ते मला सांगत, आज इतके झाले. मी "अरे वा" म्हणे आणि फोन पाहू लागे. ती फाइल मी एकदाही नीट वाचली नाही. वाचली असती, तर काही नावे माझ्या डोक्यात तरी राहिली असती.

ऑक्टोबरमध्ये अॅमस्टरडॅमजवळच्या डीमनला आपल्या लोकांचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता. दर वर्षी एक सभागृह भाड्याने घेऊन सगळे जमतात. वंदना होते, मुले काहीतरी सादर करतात, मग जेवण. या वेळी बाबांना चार शब्द बोलायला सांगितले होते. त्याच आठवड्यात मुलीच्या एका मैत्रिणीचा लॅपटॉप बिघडून तिचा परीक्षेचा प्रकल्प गेला होता, आणि मुलगी घाबरून मला रोज विचारत होती, "आमचा बॅकअप आहे ना?" बॅकअप होता, पण फक्त माझ्या खात्याचा. ही गोष्ट मी तिला सांगितली नाही. दोन डिस्क बसणारी एक छोटी पेटी मी मागवली, ती शनिवारी आली.

रविवारी सकाळी मी पत्नीला म्हणालो, "तुम्ही तिघं या जाऊन. मी तेवढ्यात बॅकअपचं उरकून घेतो."

"बाबा बोलणार आहेत आज," ती म्हणाली.

"रेकॉर्ड करा ना. संध्याकाळी ऐकतो."

"तुम्हाला सगळं नंतर ऐकायचं असतं," ती म्हणाली आणि बाबांच्या मफलरची गाठ बांधू लागली. बाबा म्हणाले, "राहू दे त्याला. सगळ्यांच्या कामाचं करतोय तो." आणि ते स्टेशनाकडे निघाले.

घर रिकामे झाल्यावर मी कामाला लागलो. बाहेर दिवसभर पावसाची बारीक भुरभुर होती, आणि दुपारीच दिवे लावावे लागले. मला ते काम आवडत होते, हेही कबूल केले पाहिजे. एका पेटीत दोन डिस्क, एकीवर जे जाईल ते दुसरीवरही उमटेल. शिवाय आठवड्यातून एकदा सगळ्याची एक प्रत घराबाहेरच्या साठ्यात. ज्याचे त्याला दिसेल, दुसऱ्याचे दुसऱ्याला दिसणार नाही, फोटो मात्र सर्वांचे. कुणाची खाती घ्यायची, असे संगणकाने विचारले आणि नावे दाखवली. माझे, पत्नीचे, मुलीचे. मी तिन्हींपुढे खुणा केल्या. घरात चार माणसे राहत होती आणि पडद्यावर तीन नावे होती, आणि मला काही कमी आहे असे वाटले नाही.

शेवटी संगणक पुन्हा सुरू करावा लागणार होता. एक चौकट समोर आली: आणखी एक वापरकर्ता आत आहे, त्याचे जतन न केलेले काम जाईल, पुढे जायचे का? त्या वेळी मला बाबांची आठवण झाली. ते मी इथे मुद्दाम लिहितो, कारण मी विसरलो होतो असे म्हणून सुटता येणार नाही. मी त्यांच्या पडद्यावर गेलो. त्यांची फाइल उघडीच होती. शेवटच्या ओळीत एका माणसाचे वर्णन होते आणि नावाची जागा मोकळी होती. मी काळजीपूर्वक ती फाइल जतन केली. जतन झाल्याची खात्री केली. मग माझ्या खात्यात परत येऊन पासवर्ड दिला आणि पुढे गेलो. फाइल जपली, ती ज्या खोलीत होती ती खोलीच आता नाहीशी होणार आहे, हे माझ्या मनात आले नाही.

संध्याकाळी तिघे परतले. बाबा फार आनंदात होते. त्यांनी तिथे वाचनालयाची गोष्ट सांगितली होती, लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या होत्या. "मी सांगितलं त्यांना," ते बूट काढत म्हणाले, "नावं जवळजवळ सगळी झाली आहेत. आणि आज माझा मुलगा घरी बसून ती कायमची जपून ठेवतोय."

दुसऱ्या दिवशी दुपारी पत्नीचा फोन ऑफिसात आला. "बाबांना त्यांचं पान दिसत नाहीये. तुम्ही काल कुठं हलवलंय का?"

तिचे वाक्य पुरे होण्याआधी मला कळले. मी तिला म्हणालो, कशालाही हात लावू नका, मी येतो. आणि सायकल काढली.

त्यानंतरचे तांत्रिक प्रयत्न सांगण्यात अर्थ नाही. मी ते सर्व केले. आजकालच्या डिस्कवरून पुसलेले परत येत नाही, आणि माझी डिस्क तर मीच कुलूपबंद करून ठेवली होती, कुणा परक्याने काही काढू नये म्हणून. नव्या पेटीतही शोधले. तिथे ते सगळे फोटो होते, स्वच्छ, दोन-दोन प्रतींत. डावीकडून उजवीकडे उभी असलेली माणसे होती. नावे नव्हती.

बाबा माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून सगळे पाहत होते. बराच वेळ गेल्यावर त्यांनी विचारले, "अरे, काल तू सगळं नीट जपायलाच बसला होतास ना?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखर समजून घ्यायचे होते. मी सांगितले, की तुमचे खाते तात्पुरते होते, ते बॅकअपमध्ये येत नाही, आणि ते बदलायचे माझ्याकडून राहून गेले. ते म्हणाले, "असं झालं होय." मग उठून खाली गेले.

टोमणा पत्नीने मारला, आणि तो मला मिळायलाच हवा होता. "ताटं मांडताना तुम्हाला चार माणसं दिसतात," ती म्हणाली. "कॉम्प्युटरवरच कशी तीन दिसतात?" मुलीचा सगळा अभ्यास सुरक्षित होता, आणि तिला त्याचीच लाज वाटत असावी, कारण ती दोन दिवस त्या टेबलाकडे फिरकली नाही.

आम्ही पुन्हा सुरुवात केली. आता मी रजा घेतली, त्यांच्या शेजारी बसलो, फोनवर आवाज मुद्रित करू लागलो. जे पहिल्या दिवशी करायला हवे होते ते सर्व करू लागलो. पण बाबांवर दडपण आले. फोटो मोठा करून मी विचारायचो, "हे कोण, बाबा?" आणि ते सांगायचे, "हा डावखुरा. फावडं उलटं धरायचा, शेजारच्याला लागायचं, म्हणून याला कायम टोकाला उभा करायचे." मग थांबायचे. मी वाट पाहायचो. माझे वाट पाहणे त्यांना जाणवायचे. "ओठांवर आहे रे," ते म्हणायचे आणि कपाळ चोळायचे. मुलीने विचारले की गाडी उशिरा तरी यायची. मी विचारले की येत नव्हती. काही नावे आली. कधी दोन माणसांना एकच आले. एक नाव त्यांनी सोमवारी एकाला दिले आणि गुरुवारी दुसऱ्याला, आणि मी ते दाखवून दिले तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला, की मी पुन्हा कधी काही दाखवून दिले नाही.

नोव्हेंबरात समितीचा फोन आला. बोलणारा तरुण सचिव होता, बाबांना काका म्हणणारा. बाबांनी फोन स्पीकरवर ठेवला.

"काका, दगडवाला थांबलाय. जेवढी असतील तेवढी पाठवा."

"जेवढी आहेत तेवढी नको," बाबा म्हणाले.

"अहो, पण काहीच नसण्यापेक्षा..."

"ज्यांची राहतील, त्यांची नातवंडं त्याच दारातून आत जाणार आहेत. रोज वाचतील, की आपला आजा नव्हता. एकदा तसं झालंय. आता माझ्या हातानं नको."

"मग दगडावर काय घालायचं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिले नाही. "घाला, की वस्तीतल्या माणसांनी श्रमदानानं बांधलं. तेवढं खोटं नाही."

माझ्या हातांनी झालेले ते त्यांनी स्वतःच्या हातांवर घेतले, हे मला तेव्हाच समजत होते. काहीतरी बोलावे असे वाटले. जे बोललो असतो ते माझ्याच समाधानासाठी असते, म्हणून गप्प राहिलो. आता वाटते, बोलायला हवे होते.

डिसेंबरच्या सुरुवातीला बाबा परत गेले. त्यानंतर मी संगणकावर त्यांच्या नावाचे स्वतंत्र खाते काढले. ते रिकामे आहे. रोज त्याची प्रत पेटीत जाते, आणि प्रत नीट गेल्याचा निरोप मला येतो. पत्नीने एकदा तो पाहिला आणि फोन माझ्याकडे परत दिला.

वाचनालय उभे राहिले. दगडाचा फोटो बहिणीने पाठवला. बाबांनी सांगितलेली ओळच त्यावर होती. लोक समाधानी आहेत म्हणाली, कुणी भांडले नाही. मलाही वाटले, की आता हे इथे थांबेल. पण बाबांच्या विस्मरणाने आपली वेगळीच वाट धरली. फाइल लिहिल्याचे त्यांना आठवते. ते टेबल, ती खिडकी, नातीचा प्रश्न, सगळे आठवते. ती गेल्याचे आठवत नाही. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर ते विचारतात, "ती नावं आहेत ना तुझ्याकडे?"

पहिल्यांदा विचारले तेव्हा मी खरे सांगितले. ते म्हणाले, "असं झालं होय," अगदी त्याच आवाजात, कारण त्यांच्यासाठी ते पहिल्यांदाच घडत होते. पुढे पुन्हा विचारले. पुन्हा सांगितले. मग एक दिवस बहिणीचा स्वतंत्र फोन आला.

"दादा, तू ते खरं सांगतोस तेव्हा बाबा नीट जेवत नाहीत. मग का जेवत नाही तेही विसरतात, पण जेवत नाहीत. कशाला सांगतोस?"

"खोटं कसं सांगू?"

"तुला खरं सांगून मोकळं वाटत असेल," ती म्हणाली. "इथं ताट मी उचलते."

तिचे म्हणणे माझ्या मनात बरेच दिवस घोळत राहिले. दर वेळी कबुली देताना माझ्या आत थोडे हलके होत असे, हे खरे होते. माझ्या हलकेपणाचा भार त्यांनी पुन्हा पुन्हा का उचलावा? आणि तरीही, ज्या माणसाने दगडावर अर्धे खरे नको म्हटले, त्याला मी पूर्ण खोटे सांगणार होतो.

मागच्या रविवारी त्यांनी विचारले, "ती नावं आहेत ना तुझ्याकडे? जपून ठेवलीस ना?"

"आहेत, बाबा," मी म्हणालो.

त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. मग ते फोनच्या जवळ सरकले. "मग वाच की. बघू दे आठवतात का."

त्या दुसऱ्या खेपेला मिळालेली थोडी नावे माझ्याकडे होती. मी ती उघडली आणि एकेक वाचू लागलो. वेळ लागावा म्हणून सावकाश वाचत होतो. प्रत्येक नावाला बाबा मान हलवत, आणि त्या माणसाचे काही ना काही सांगत. कुणाचा आवाज मोठा होता, कुणी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कामावर आला होता. मी खाली पाहत होतो. पानावरच्या ओळी संपत आल्या होत्या. शेवटचे नाव वाचून मी थांबलो.

"आणि पुढची?" बाबांनी विचारले.

मी काय बोलणार होतो, ते मला आजही माहीत नाही. तोंड उघडले होते. पलीकडे बहिणीने त्यांच्या पाठीशी उशी ठेवली, तसे ते मागे टेकले.

"राहू दे," ते म्हणाले. "पुढची रविवारी वाच. आज दमलो मी."

मी बरे म्हणालो.